पायरीवरची खूण

मॅडमच्या क्वार्टरचं दार लागलेलं मी कधी पाहिलं नाही. आमचा कॅम्पस उघड्या माळावर. तिथं वाऱ्याला अडवणारं कुणी नाही, दार धाडकन आपटायचं, म्हणून खाली एक वीट लावलेली असायची. तरीही कुणी सवयीनं कडी वाजवलीच, तर आतून आवाज यायचा, "वाजवून कायले राह्यला? ढकल ना, उघडंच हाय." बाहेर गॅसवाला असो, वसतिगृहात साप निघाला म्हणून धावत आलेला चौकीदार असो की खुद्द प्राचार्य असोत, उत्तर हेच. प्राचार्यांच्या वाट्याला फक्त 'ढकला' यायचं.

तुम्ही वाशीमहून अनसिंगकडे गेलात, तर वाटेत एक भलीमोठी कमान लागेल. तिच्यावर अभियांत्रिकी विद्यापीठ अशी अक्षरं आहेत, आणि ती इतकी मोठी आहेत की चालत्या एसटीतून चष्म्याशिवाय वाचता येतात. आत डांबरी रस्ता, मजल्यांवर मजले चढवलेल्या इमारती, झाडांचे रंगवलेले बुंधे. हे सगळं आताचं. मी नोकरीला लागलो तेव्हा दोन टिनाच्या शेड, मुलींचं छोटंसं वसतिगृह, एक हापशी आणि एक कडुनिंब, एवढंच आमचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. एका शेडमध्ये वर्ग आणि ऑफिस, दुसऱ्या शेडमध्ये वर्कशॉप. तिकडं लेथ सुरू झालं की इकडं गणित बंद. शेजारच्या वावरातल्या बकऱ्या वर्गात येऊन बसायच्या. एकदा हजेरी चालू असताना एका मुलाच्या नावाला बकरीनं उत्तर दिलं आणि सरांनी हजेरी लावून टाकली. मॅडमचं म्हणणं, काही चुकलं नाही, त्या पोट्ट्यापेक्षा ती बकरी जास्त दिवस वर्गात बसली होती.

सरकारी नोकरीत आमच्या गावाची बदली म्हणजे शिक्षा समजतात. येणारा माणूस सामान सोडतानाच परत बांधायचं कसं याचा विचार करत असतो. मॅडम उलट्या. किन्हीराजा गावच्या, शेतकरी घरातल्या, मोठ्या शहरात शिकलेल्या, आणि तिथलं सगळं सोडून ही जागा मागून घेऊन आलेल्या. स्थापत्य विभागात त्या सर्वेक्षण शिकवायच्या, म्हणजे जमीन मोजून तिचा नकाशा काढायला. मी त्यांच्या हाताखालचा. सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा, असा त्यांचा वेश. नवीन मुलं पहिल्या दिवशी हसायची. दुपारभर माळावर त्यांच्या मागून चालून आली की हसायला दम राहायचा नाही.

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच होत्या. आणि जे सांगायला मी बसलो आहे, ते तिथूनच सुरू झालं.

सुरुवातीच्या वर्षांत आसेगावकडच्या एका वस्तीवरची मुलगी आमच्याकडे होती. दिवाळीची सुटी लागली. सुटीत वसतिगृह रिकामं करून कुलूप लावायचं, असा नियम. मॅडमनी तिला स्वतः एसटीत बसवून दिलं, वर वाटेत खायला चिवड्याची पुडी दिली. सुटी संपून मुलगी परत आली ती तापानं फणफणलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, घराला कुलूप होतं. मायबाप दसरा होताच ऊसतोडीला निघून गेले होते आणि किल्ली त्यांच्यासोबत गेली होती. अख्खी दिवाळी पोरगी आपल्याच घराच्या ओट्यावर झोपली. शेजारीपाजारी भाकर देत होते.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्या जाऊन राह्यल्या व्हत्या मॅडम. मी बी गेली."

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिल्या. मी डबा घेऊन गेलो तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "एसटीत तिले मीच बसवलं ना वो."  त्या दिवसापासून त्यांच्या मनात कुलपाविषयी जी अढी बसली, ती शेवटपर्यंत गेली नाही.

आपल्या भागात हे नवीन नाही. दसऱ्यानंतर गाड्या भरून माणसं जातात, कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. त्यांची मुलं इंजिनिअरिंगला येतील, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात नव्हतं, इतकंच. मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य भले गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, मलाही वाईट वाटतं. पण आपण सरकारी कॉलेज. नियम वरून येतो. आपण तो फक्त भिंतीला लावतो."

मॅडमनी तो भिंतीला लावलेला नियम उभ्याउभ्याच वाचून काढला. शेवटी बारीक अक्षरांत होतं की, सुटीत एखादं शैक्षणिक शिबिर चालू असेल तर वसतिगृह आणि खानावळ चालू ठेवता येईल. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी नोटीस लागली. सर्वेक्षणाचं सराव शिबिर, स्थळ आपलाच कॅम्पस, सर्व शाखांना खुलं.

सर्व शाखांना म्हणजे कसं, तर इलेक्ट्रिकलची मुलगी भर दुपारी माळावर उंच मोजपट्टी धरून उभी, कॉम्प्युटरची मुलगी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेली, आणि मेकॅनिकलची ओरडून आकडे सांगणारी. ज्यांच्या घराला कुलूप, त्यांचं हे शिबिर. मुलांमध्येही तसे होते. ते यायचे आणि वर्कशॉपच्या शेडमध्ये झोपायचे. काम मात्र खरं. मॅडमना खोटी मोजणी खपायची नाही. चुकलेला आकडा सापडला की सगळ्यांना पुन्हा माळाच्या टोकापासून चालायला लावायच्या. दर वर्षी तोच माळ, तोच कडुनिंब. आमच्या जमिनीइतकी मोजली गेलेली जमीन जिल्ह्यात दुसरी नसेल. मोजून मोजून ती वाढली मात्र नाही.

जमिनीची उंची मोजायची तर आधी कुठंतरी एक न हलणारी खूण धरावी लागते. बाकी सगळं तिच्या वर किंवा तिच्या खाली. पहिल्या शिबिराच्या दिवशी मी म्हणालो, ऑफिससमोरच्या झेंड्याचा चौथरा घेऊ. मॅडम म्हणाल्या, "तो नको. साहेब बदलला का चौथरा बदलते." हे खरं होतं, आलेला प्रत्येक प्राचार्य आधी तो चौथरा पाडून नवा बांधायचा. मग त्यांनी मला छिन्नी-हातोडा आणायला लावला आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दगडी पायरीवर एक खूण कोरून घेतली. एक आडवी रेघ आणि तिला खालून टेकलेला बाण. हातोडा दोनदा माझ्या बोटावर बसला. खूण झाल्यावर मॅडम पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सगळं इथून मोजायचं. अन् इथून मोजायचं म्हणलं का रोज सकाळी हे दार उघडंच लागते."

तेव्हापासून आमच्याकडे जे काही उभं राहिलं, ते त्या पायरीपासून मोजून उभं राहिलं. विभागाच्या भिंतीवर मॅडमनी दर दिवाळीचा नकाशा लावून ठेवला होता. पहिल्यात दोन शेड, वसतिगृह आणि झाड. मग पाण्याची टाकी आली, मग ग्रंथालय, मग नवीन शाखांच्या इमारती. एका नकाशात शेड आहेत, पुढच्यात नाहीत. बाहेरून आलेले आर्किटेक्ट लोक जागा पाहायला यायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे कॅम्पसचा नकाशा आहे का?" मी म्हणायचो, "कुठल्या दिवाळीचा देऊ?"

माझी स्वतःची दिवाळी मात्र या शिबिरानं खाल्ली. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "तुमच्या मॅडमले घरदार नसंन, आपल्याले हाय." दुसऱ्या वर्षी ती माळावर आली, मला बोलायलाच आली होती. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. मुली खानावळीत पिठलं-भाकरी करत होत्या, मॅडम चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. बायको तशीच परत गेली आणि तिसऱ्या प्रहरी करंज्यांचा डबा घेऊन आली. पुढं नवरात्रातच ती मला विचारायला लागली, "यंदा पोरी किती हायेत? खोबरं त्या हिशोबानं आणा." तेव्हापासून माझ्या घरात मला कुणी विचारेनासं झालं.

मधल्या काळात कॉलेजचं विद्यापीठ करायचं चाललं. प्रस्ताव गेले, समित्या आल्या. आम्ही सगळे हरखून गेलो. आपल्या नावापुढं आता काय लागेल, कुणाला कुठली खुर्ची मिळेल, याच्या गप्पा कँटीनमध्ये रंगायच्या. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "विद्यापीठ झालं का सुटीचा नियम कोण करीन?"

"आपणच. आपल्या सभेत," प्राचार्य म्हणाले.

"मंग होऊ द्या बाप्पा लवकर," मॅडम म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

त्यांच्याइतकं राबताना मी कुणाला पाहिलं नाही. प्रस्तावाची कित्येक पानं त्यांनी लिहिली. पाहणीला आलेल्या समितीला त्यांनी गाडीतून उतरवून पायी माळ दाखवला. समितीतले एक गृहस्थ धापा टाकत म्हणाले, जागा भरपूर आहे, पटलं. आम्ही नावासाठी धडपडत होतो, मॅडम एका कुलपासाठी. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि त्या बाईविषयी मला जो आदर आहे तो तिथला आहे.

विद्यापीठ झालं. पेढे वाटले, कमान उभी राहिली, बँड लावला. पहिल्या सभेत मॅडमनी विषय मांडला की, सुटीत वसतिगृहं उघडी राहावीत. उत्तर मिळालं, पुढच्या सभेत पाहू. पुढच्या सभेत सुरक्षेचा प्रश्न निघाला. त्याच्या पुढच्या सभेत डागडुजीचा. सगळे सहानुभूतीनं माना हलवायचे आणि विषय पुढं ढकलायचे. मॅडम प्रत्येक सभेत तोच विषय पुन्हा ठेवायच्या. शिबिरं चालूच होती. पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

"तुम्ही काळजी करू नका," मी एकदा म्हणालो. "तुमच्यामागं मी घेईन शिबिर."

"तुमी घ्यान," त्या म्हणाल्या. "तुमच्या मांगं कोण? पोरींनं दिवाळी अशी चोरून किती दिवस करायची?"



त्यांच्या नोकरीतली ती शेवटची दिवाळी. पाडव्याच्या दुपारी नवे कुलसचिव न सांगता आले. सुटीत खानावळ चालू असल्याची तक्रार कुणीतरी केली होती. गाडीतून उतरले आणि त्यांच्या नजरेला पहिली पडली ती पल्लवी. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली, कॉम्प्युटर शाखेची, शिबिराला पहिल्यांदाच आलेली. आमच्याकडची जुनी दुर्बीण अशी आहे की तिच्यातून सगळं उलटं दिसतं. पाहणाऱ्यानं ते तसंच वाचायचं असतं. पल्लवीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला मोजपट्टी उलटी दिसली, म्हणून तिनं लांब उभ्या असलेल्या मैत्रिणीला हाताच्या खुणा करून पट्टी वरचं टोक खाली करून उभी करायला लावली होती, आणि खुशीत आकडे वाचत होती.

कुलसचिव स्वतः स्थापत्याचे इंजिनिअर. ते जागीच थांबले.

"ती पट्टी उलटी का धरली आहे?"

"सर, सुलटी धरली का उलटी दिसते. आता बराबर दिसून राह्यली."

"कुठली शाखा?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटरला सर्वेक्षण कधीपासून आलं?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं. ती सरळ म्हणाली, "सर, घरी कुलूप हाय. आईबाबा ऊसतोडीले गेले. उन्हाळ्यात येतीन."

"आणि या बाकीच्या?"

"सगळ्याइच्या घरी कुलूप हाय."

तोवर मॅडम आल्या होत्या. बुटांना माती, डोक्याला दुपट्टा. कुलसचिवांनी आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, हे शिबिर म्हणजे निमित्त आहे ना?"

मला वाटलं, त्या नकाशे दाखवतील, काहीतरी बाजू मांडतील. त्या म्हणाल्या, "हो सर."

"हे नियमात बसत नाही."

"नाही बसत. म्हणूनच तर नियम मांगून राह्यली ना वो इतक्या वर्षांपासून."

"तुमची निवृत्ती तोंडावर आहे. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, ठाऊक आहे ना?"

"लागू द्या," मॅडम म्हणाल्या. "फक्त आज यांले बाहेर काढू नका."

 कुलसचिव दुर्बिणीपाशी गेले, वाकले, डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पल्लवीला म्हणाले, "पट्टी सरळ धरायला सांग. उलटं दिसलं तरी सरळच धरायची असते." एवढ्यात माझी बायको ताट घेऊन पुढं झाली. तिला कुलसचिव म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि असतं तरी फरक पडला नसता. "घ्या साहेब, पाडव्याचं हाय," असं म्हणून तिनं त्यांच्या हातावर दोन करंज्या ठेवल्या. ते उभ्याउभ्याच खाऊन, हात रुमालाला पुसून निघून गेले.

आठवडाभरात मॅडमना खुलासा मागणारं पत्र आलं. मी घाबरलो. मॅडमनी त्याच कागदाखाली उत्तर लिहिलं: होय, शिबिर हे निमित्त होते. विद्यार्थिनींची घरे बंद होती. पुढच्या दिवाळीत काय करायचे ते कळवावे. मी म्हटलं, थोडं मऊ लिहा. त्या म्हणाल्या, "मऊ लिहूनच इतकी वर्षं गेली."

पुढच्या सभेत तो विषय कुलसचिवांनीच मांडला. मी बाहेर कँटीनमध्ये बसलो होतो. सभा सुटल्यावर मॅडम आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा सांगा." चहा आला.  कप हातात धरून म्हणाल्या, "झालं. कोणत्याच सुटीत कुलूप नाही. दोन्ही वसतिगृहं." आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. मलाही आवरलं नाही. कँटीनवाला बिचारा आमच्यापैकी कुणाची तरी बदली झाली असं समजून साखरेचा डबा पुढं करून गेला.

उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. चौकशी लागली नाही. क्वार्टर रिकामं करून किन्हीराजाला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "दिवाळीले पोरीइच्या संगं जेवाले येईन. पाहुणी म्हणून येईन, भाकरी थापणार नाही." मी म्हटलं, तुम्ही आणि पाहुणी, जमेल तेव्हा खरं. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते, सकाळी वावरात सोयाबीन पाहायला गेल्या आणि बांधावर खाली बसल्या त्या उठल्या नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. आसेगावकडची ती मुलगीही आली होती. आता मोठी इंजिनिअर आहे. ती दाराशी बसून होती, आत जायला तिचे पाय उचलत नव्हते.

मग दिवाळी आली. शिबिर नव्हतं. शिबिराची गरजच राहिली नव्हती. कित्येक वर्षांनी मी दिवाळीला घरी होतो, आणि मला घरात करमेना. पाडव्याच्या संध्याकाळी बायकोनं डबा भरून हातात दिला. "जाऊन या," ती म्हणाली. "मले बी बरं वाटंन."

वसतिगृह आता मोठं झालं आहे, वर मजले चढले आहेत, पण जुनी दगडी पायरी तशीच ठेवली आहे. आत मुलींचे आवाज येत होते, कुणीतरी तळण तळत होतं. पायरीभर पणत्या लावल्या होत्या. खुणेभोवती रांगोळी होती, आणि खुणेवर मात्र काही नव्हतं, ती मोकळी सोडलेली होती. मी वर चढायला पाय उचलला.

"काका, तिथं पाय नका देऊ." दारात एक मुलगी उभी होती. यंदाच पहिल्या वर्षाला आलेली असावी. ती मला ओळखत नव्हती, आणि मॅडमना तिनं पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

"काहून?" मी विचारलं.

"इथून सगळं मोजतेत म्हणे. मोठ्या ताईनं सांगतलं, याच्यावर पाय द्यायचा नाही."

मी चपला काढून हातात घेतल्या आणि लांब पाय टाकून खूण ओलांडली. ती बाजूला सरकली.

"कोणाले भेटायचं हाय?" तिनं विचारलं.

 मी डबा पुढं केला.